एका पक्षाच्या राज्यातला बंडखोर

१७ एप्रिल १९२८ रोजी अमेरिकेच्या दक्षिण टोकाला असलेल्या लुईझियाना राज्यात गव्हर्नरपदाची निवडणूक झाली. डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार ह्यूई पिअर्स लाँग याला जवळजवळ ९३ हजार मते मिळाली. त्याच्या रिपब्लिकन प्रतिस्पर्ध्याच्या पदरात चार हजारही पडली नाहीत. शेकडा ९६ मते घेऊन निवडून आलेल्या या ३४ वर्षांच्या वकिलाचा विजय वरवर पाहता दिग्विजयच म्हणावा लागेल. प्रत्यक्षात मात्र त्या दिवशी लुईझियानात निकालाची उत्कंठा कोणालाच नव्हती. खरी निवडणूक तीन महिन्यांपूर्वीच, १७ जानेवारीला, उरकली होती. त्या दिवशी दोन लाख ८८ हजारांहून अधिक मतदारांनी मत दिले होते. एप्रिलमध्ये त्यांतले जेमतेम एक तृतीयांश पुन्हा मतदान केंद्राकडे फिरकले. बाकीच्यांनी त्या औपचारिकतेसाठी घराबाहेर पडण्याचे कष्ट घेतले नाहीत.

जानेवारीतली ती निवडणूक होती डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार ठरवण्याची. पक्षाची उमेदवारी म्हणजेच गव्हर्नरची खुर्ची, असे समीकरण दक्षिणेतील राज्यांत तेव्हा इतके पक्के होते की, विरोधी पक्ष नावापुरताच उरला होता. येथे एक खुलासा आवश्यक आहे. अमेरिकेतील गव्हर्नर हा आपल्याकडील राज्यपालाप्रमाणे केंद्राने नेमलेला घटनात्मक प्रमुख नसतो. तो थेट जनतेने निवडलेला, नोकऱ्या, कंत्राटे आणि तिजोरी हाती असलेला राज्याचा कारभारी असतो. अधिकारांचा विचार करता त्याची तुलना आपल्या मुख्यमंत्र्याशीच करावी लागेल. अशा सत्तास्थानावर कोण बसणार याचा फैसला एकाच पक्षाच्या अंगणात होत असेल, तर लोकशाहीचे स्वरूप काय होते, याचा ह्यूई लाँगच्या चरित्राइतका बोलका धडा क्वचितच सापडेल.

ही एकपक्षीय सत्ता आकाशातून पडलेली नव्हती. यादवी युद्धानंतर मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना मताधिकार मिळाला आणि काही काळ लुईझियानात रिपब्लिकन गव्हर्नरही झाले. १८७७ मध्ये केंद्राचे सैन्य मागे घेतले गेले आणि गोऱ्या जमीनदारांचा व व्यापाऱ्यांचा डेमोक्रॅटिक पक्ष पुन्हा सत्तेवर आला. १८९८ साली या पक्षाने राज्याची नवी घटना केली. मतदानासाठी साक्षरता किंवा मालमत्तेची अट आली, डोईपट्टी भरल्याच्या पावत्या दाखवणे आवश्यक झाले आणि ज्यांचे बाप-आजे १८६७ पूर्वी मतदार होते त्यांना सूट देणारे कलमही घालण्यात आले. गुलामांच्या मुलानातवंडांना अर्थातच ही सूट मिळणार नव्हती. परिणाम भयंकर झाला. १८९६ मध्ये राज्यात एक लाख ३० हजार कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १९०४ मध्ये ही संख्या १,३४२ वर आली. या चाळणीतून हजारो गरीब गोरे शेतकरीही गळाले. मत देण्यासाठी वर्षाला एक डॉलर मोजणे हे कापसाच्या भावावर जगणाऱ्या कुळांना परवडणारे नव्हते. सुमारे २१ लाख वस्तीच्या राज्यात तीन लाखांहून कमी मतदार सरकार ठरवत होते, ते याच कारणाने.

राज्याची सूत्रे न्यू ऑर्लिन्स शहरातील ओल्ड रेग्युलर्स ही पक्षयंत्रणा, नदीकाठचे ऊस आणि कापसाचे मळेवाले, लाकूड कंपन्या, रेल्वे आणि स्टँडर्ड ऑइल यांच्या हाती होती. पक्षांतर्गत निवडणुकीत नावे बदलत, हितसंबंध बदलत नसत. शाळा मोडकळीला आलेल्या, निरक्षरता देशात सर्वाधिक असलेल्या राज्यांत गणना, आणि पक्के रस्ते संपूर्ण राज्यात मिळून सुमारे ३०० मैल, ही त्या राजवटीची कमाई होती.

ह्यूई लाँगचा जन्म ३० ऑगस्ट १८९३ रोजी राज्याच्या उत्तर-मध्य भागातील विनफील्डजवळ झाला. लुईझियानात जिल्ह्याला पॅरिश म्हणतात. विन हा पॅरिश गरीब, खडकाळ जमिनीचा आणि बंडखोर वृत्तीचा. गुलाम नसलेल्या तेथील शेतकऱ्यांनी १८६१ मध्ये संघराज्यातून फुटून निघण्याला विरोध केला होता. १८९० च्या दशकात तेथे शेतकऱ्यांच्या पॉप्युलिस्ट पक्षाचा जोर होता आणि १९१२ मध्ये समाजवादी उमेदवारालाही तेथे लक्षणीय मते पडली. लाँगचे घराणे मात्र या भागाच्या मानाने बरे खाऊनपिऊन होते. मोठ्या कुटुंबातला हा मुलगा तल्लख, बोलघेवडा आणि कमालीचा हेकट होता. शाळेच्या व्यवस्थापनाविरुद्ध पत्रके वाटल्याबद्दल त्याला शाळा सोडावी लागली. पुढे तो फिरता विक्रेता झाला. स्वयंपाकाचे वनस्पती तूप विकण्यासाठी भरवलेल्या केक बनवण्याच्या एका स्पर्धेत रोझ मॅकॉनेल या तरुणीशी त्याची ओळख झाली आणि १९१३ मध्ये दोघांचे लग्न झाले. दारोदार माल विकण्याच्या त्या वर्षांनी त्याला दोन गोष्टी शिकवल्या. खेड्यातल्या माणसाच्या मनात काय सलते ते ऐकणे, आणि आपला माल त्याच्या गळी उतरवणे.

न्यू ऑर्लिन्सच्या ट्युलेन विद्यापीठात जेमतेम वर्षभर कायद्याचा अभ्यास करून १९१५ मध्ये, वयाच्या २१ व्या वर्षी, त्याने वकिलीची परीक्षा दिली आणि ती उत्तीर्णही केली. अपघातात जायबंदी झालेल्या कामगारांचे दावे तो चालवू लागला. राजकारणाचे वेध त्याला आधीपासूनच लागले होते; परंतु बहुतेक पदांसाठी वयाची अट आडवी येत होती. राज्याच्या रेल्वे आयोगाच्या सदस्यत्वाला अशी अट नाही, हे त्याने हेरले आणि १९१८ मध्ये, वयाच्या २५ व्या वर्षी, तो उत्तर लुईझियानातून त्या आयोगावर निवडून आला. पुढे लोकसेवा आयोग असे नामकरण झालेल्या या आडबाजूच्या संस्थेला त्याने व्यासपीठ बनवले. टेलिफोन कंपनीने केलेल्या दरवाढीविरुद्ध तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९२२ मध्ये आयोग जिंकला आणि सुमारे ८० हजार ग्राहकांना जादा भरलेले पैसे परत मिळाले. स्टँडर्ड ऑइलशी त्याचे वैर याच काळात जडले. छोट्या तेल कंपन्यांचे तेल वाहून नेण्यास या बड्या कंपनीने नकार दिला होता, आणि अशा छोट्या कंपन्यांत लाँगचे स्वतःचेही पैसे गुंतलेले होते. व्यक्तिगत राग आणि सार्वजनिक हित यांची त्याच्या आयुष्यात पडलेली ही सरमिसळ अखेरपर्यंत सुटली नाही.

गव्हर्नरपदासाठी किमान वय ३० होते. ३० ऑगस्ट १९२३ रोजी, तिसाव्या वाढदिवशीच, लाँगने उमेदवारी जाहीर केली. १५ जानेवारी १९२४ च्या त्या निवडणुकीत त्याच्यासमोर दोन मातब्बर उमेदवार होते. दक्षिणेतील फ्रेंच भाषक कॅथलिकांचे नेते ह्यूइट बुआंशो आणि राज्य तुरुंगाचे प्रमुख हेन्री फुक्वा. सारा प्रचार कू क्लक्स क्लान या मुखवटाधारी वर्णद्वेष्ट्या संघटनेभोवती फिरत होता. उत्तर लुईझियानातले प्रॉटेस्टंट आणि दक्षिणेतले कॅथलिक यांच्यात त्यामुळे उभी फूट पडली होती. लाँगने या प्रश्नावर ठाम भूमिका टाळली आणि रस्ते, शाळा, कंपन्यांची मक्तेदारी यांवर बोलत राहिला. मतदानाच्या दिवशी पाऊस पडला. चिखलात रुतलेल्या मातीच्या रस्त्यांनी त्याचे खेड्यापाड्यांतले मतदार घरीच अडकले, असे तो नंतर सांगत असे. जवळजवळ ७४ हजार मते मिळवून तो तिसरा आला. पहिल्या क्रमांकापासून तो केवळ दहा हजारांच्या आसपास मतांनी मागे होता. फेरमतदानात फुक्वा गव्हर्नर झाले. पराभवाने लाँग खचला नाही. उत्तरेकडच्या या बॅप्टिस्ट वकिलाने आता दक्षिणेकडे लक्ष वळवले. १९२६ मध्ये सिनेटच्या निवडणुकीत त्याने एडविन ब्रूसार्ड या फ्रेंच कॅथलिक नेत्यासाठी गावोगाव प्रचार केला. धर्म आणि भाषा यांनी विभागलेल्या गरिबांना एकत्र बांधल्याखेरीज शहरी यंत्रणा हरणार नाही, हे गणित त्याला उमगले होते.

१९२६ मध्ये फुक्वा यांचे निधन झाले आणि त्यांच्या जागी ओरॅमेल सिम्पसन गव्हर्नर झाले. १९२७ च्या वसंतात मिसिसिपी नदीला इतिहासातला सर्वांत विनाशकारी पूर आला. न्यू ऑर्लिन्स वाचवण्यासाठी शहराच्या खालच्या अंगाचा बांध सुरुंगाने उडवण्यात आला आणि सेंट बर्नार्ड व प्लाकमिन्स या पॅरिशांतील गरीब शेतकऱ्यांची व फासेपारध्यांसारखी केसाळ जनावरे धरून पोट भरणाऱ्यांची घरे पाण्याखाली गेली. शहराच्या श्रीमंतीसाठी खेड्याने बुडायचे, ही भावना राज्यभर पसरली. याच सुमारास, ऑगस्ट १९२७ मध्ये, लाँगने दुसऱ्यांदा दंड थोपटले. त्याच्याविरुद्ध होते विद्यमान गव्हर्नर सिम्पसन आणि ओल्ड रेग्युलर्सनी पुढे केलेले खासदार रायली विल्सन.

हा प्रचार लुईझियानाने पूर्वी कधी पाहिला नव्हता. मोटारीतून दररोज अनेक गावे पालथी घालून शेकडो सभा घेत लाँग राज्यभर फिरला. झाडांवर, खांबांवर, कुंपणांवर त्याची पोस्टरे लागली. शाळेतल्या प्रत्येक मुलाला मोफत पुस्तके, पक्के रस्ते, टोल नसलेले पूल, बरी रुग्णालये, अशी सोपी आश्वासने तो देई. प्रत्येक माणूस आपापल्या घरचा राजा व्हावा, ही कल्पना त्याने विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांच्या भाषणातून उचलली आणि तिला घोषवाक्य बनवले. सेंट मार्टिनव्हिलच्या ज्या ओक वृक्षाखाली लाँगफेलोच्या काव्यातील इव्हॅन्जेलिनने आपल्या प्रियकराची वाट पाहिली असे तेथे मानले जाते, त्या झाडाखाली उभे राहून त्याने फ्रेंच भाषक श्रोत्यांना त्यांच्या स्वतःच्या प्रतीक्षेची आठवण करून दिली. शाळांची, रस्त्यांची, आजाऱ्यांसाठी आसऱ्याची ती प्रतीक्षा पिढ्यान्‌पिढ्या संपली नव्हती. प्रतिस्पर्ध्यांची तो निर्दय टिंगल करी, त्यांना टोपणनावे ठेवी. शहरातील सभ्य समाजाने नाके मुरडली. खेड्यातल्या माणसाला मात्र कोणीतरी प्रथमच त्याच्या भाषेत बोलत होते.

१७ जानेवारी १९२८ रोजी लाँगला सुमारे एक लाख २७ हजार मते मिळाली. विल्सन यांना ८१ हजारांवर आणि सिम्पसन यांना ८० हजारांवर. न्यू ऑर्लिन्सने त्याला तिसऱ्या क्रमांकावर ठेवले, पण ग्रामीण भागाने ती तूट भरून काढली. उत्तरेच्या प्रॉटेस्टंट टेकड्या आणि दक्षिणेची कॅथलिक पाणथळ गावे प्रथमच एका बाजूला आली होती. निर्विवाद बहुमत नसल्याने पहिल्या दोघांत फेरमतदान व्हायला हवे होते. परंतु सिम्पसन यांनी आपले वजन लाँगच्या पारड्यात टाकले आणि विल्सन यांनी माघार घेतली. एप्रिलचा सोपस्कार पार पडल्यावर २१ मे १९२८ रोजी बॅटन रूज येथे शपथविधी झाला. हजारो शेतकरी मोटारींतून, खेचरांच्या गाड्यांतून राजधानीत दाखल झाले.

आश्वासने विसरणाऱ्यांपैकी लाँग नव्हता. पहिल्याच वर्षी मोफत पाठ्यपुस्तकांचा कायदा झाला. पुस्तके शाळांना न देता मुलांना द्यायची, अशी त्यात योजना होती, म्हणजे कॅथलिक शाळांतील मुलांनाही ती मिळतील. १९३० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला. रस्त्यांसाठी तीन कोटी डॉलरचे कर्जरोखे मंजूर झाले. प्रत्येक पॅरिशमध्ये आधी थोडाथोडा पक्का रस्ता बांधायचा, म्हणजे उरलेल्यासाठी लोक स्वतःच ओरड करतील, ही त्याची युक्ती. काही वर्षांतच हजारो मैल रस्ते आणि शंभराहून अधिक पूल उभे राहिले. प्रौढांच्या रात्रशाळांत एक लाखाहून अधिक लोक अक्षरे गिरवू लागले आणि त्यांत कृष्णवर्णीयांचा वाटा मोठा होता. राज्य विद्यापीठ नावारूपाला आले. ३४ मजल्यांचे नवे विधानभवन १९३२ मध्ये पूर्ण झाले.

या साऱ्याची किंमत मात्र दुसऱ्या वहीत लिहिली जात होती. सरकारी नोकऱ्यांवर आपली माणसे बसवताना लाँग त्यांच्याकडून तारीख न घातलेले राजीनामे घेऊन ठेवी. कर्मचाऱ्यांच्या पगारातून पक्षनिधीसाठी कपात होई. ओल्ड रेग्युलर्सची यंत्रणा मोडण्यासाठी त्याने तिच्याहून बळकट यंत्रणा उभी केली. मार्च १९२९ मध्ये त्याने शुद्ध केलेल्या तेलावर पिंपामागे पाच सेंट कर लावण्याचा प्रस्ताव आणला आणि विरोधकांना हवी ती संधी मिळाली. प्रतिनिधीगृहात मतदान यंत्राने चुकीचे आकडे दाखवताच सदस्यांत हाणामारी झाली, रक्त सांडले. सभागृहाने लाँगवर महाभियोग लावला. लाचखोरीपासून पदाच्या गैरवापरापर्यंतचे आरोप सिनेटपुढे गेले. दोषी ठरवण्यासाठी ३९ पैकी २६ सिनेटरांची मते लागणार होती. सुनावणी पुरती रंगण्याआधीच १५ सिनेटरांनी सही केलेला कागद पुढे आला. हे आरोपच बेकायदा असल्याने पुरावा काहीही असो, आपण लाँगला दोषी ठरवणार नाही, असा त्याचा आशय होता. खटला कोसळला. सही करणाऱ्यांना पुढे पदे आणि कामे मिळाली. लाँग वाचला, परंतु विरोधक हा हरवण्याचा नव्हे, चिरडण्याचा प्राणी आहे, अशी त्याची खात्री झाली ती तेव्हापासून.

लुईझियानाच्या घटनेनुसार गव्हर्नरला लागोपाठ दुसऱ्यांदा उभे राहता येत नसे. १९३० मध्ये लाँगने ज्येष्ठ सिनेटर जोसेफ रॅन्सडेल यांचा पराभव करून अमेरिकी सिनेटची जागा जिंकली. मात्र वॉशिंग्टनला जाण्याचे त्याने एक वर्षाहून अधिक काळ टाळले. कारण तो गेला असता तर त्याच्याशी वैर धरलेले नायब गव्हर्नर पॉल सीर हे गव्हर्नर झाले असते. सीर यांनी परस्पर गव्हर्नरपदाची शपथ घेतली तेव्हा लाँगने राज्याच्या नॅशनल गार्डच्या सैनिकांना पाचारण केले. अखेर १९३२ मध्ये त्याचा बालमित्र आणि आज्ञाधारक सहकारी ओ. के. ॲलन गव्हर्नर झाला आणि राज्याचा कारभार पूर्वीप्रमाणेच लाँगच्या हाती राहिला. राज्यात कोणतेही पद नसलेला हा सिनेटर विधानभवनात मोकळेपणी फिरे आणि त्याच्या इशाऱ्यावर डझनावारी विधेयके काही दिवसांत मंजूर होत. नगरपालिकांचे, पोलिसांचे, शिक्षक नेमण्याचे अधिकार राज्याकडे खेचले गेले. १९३४ मध्ये टीकाकार वृत्तपत्रांच्या जाहिरात उत्पन्नावर कर बसवण्यात आला. हा कर सर्वोच्च न्यायालयाने १९३६ मध्ये रद्द केला, पण तो निकाल ऐकायला लाँग हयात नव्हता.

देशपातळीवर तो आणखी मोठा झाला. १९३२ मध्ये शेजारच्या आर्कान्सात एका आठवड्याचा झंझावाती दौरा करून त्याने हॅटी कॅरवे यांना विजयी केले. पूर्ण मुदतीसाठी निवडून आलेल्या त्या अमेरिकी सिनेटच्या पहिल्या महिला. त्याच वर्षी त्याने फ्रँकलिन रूझवेल्ट यांना पाठिंबा दिला आणि पुढच्याच वर्षी त्यांच्याशी फारकत घेतली. महामंदीने पोळलेल्या देशाला त्याने १९३४ मध्ये संपत्तीच्या वाटपाची योजना सांगितली. श्रीमंतांच्या संपत्तीवर कमाल मर्यादा, प्रत्येक कुटुंबाला घर आणि किमान उत्पन्न, वृद्धांना निवृत्तिवेतन. अर्थतज्ज्ञांना आकडेमोड पटली नाही, परंतु देशभर लाखो लोक त्याच्या मंडळांचे सभासद झाले. १९३६ मध्ये तो अध्यक्षपदासाठी उभा राहिला तर तीस-चाळीस लाख मते खेचून नेईल, असा अंदाज डेमोक्रॅटिक पक्षाने गुपचूप घेतलेल्या मतचाचणीतून निघाला होता.

ती वेळ आलीच नाही. ८ सप्टेंबर १९३५ च्या रात्री बॅटन रूजच्या त्याच विधानभवनात लाँगवर गोळी झाडली गेली. विरोधी गटातील न्यायाधीश बेंजामिन पेव्ही यांचा मतदारसंघ मोडण्याचे विधेयक त्या वेळी सभागृहासमोर होते. हल्लेखोर म्हणून ज्याचे नाव नोंदले गेले तो डॉ. कार्ल वाइस हा पेव्ही यांचा जावई, नाक-कान-घशाचा तरुण डॉक्टर. अंगरक्षकांनी त्याची जागीच चाळण केली, त्यामुळे त्याचा हेतू त्याच्याबरोबरच गेला. लाँगला लागलेली गोळी वाइसची की गोंधळलेल्या अंगरक्षकांपैकी कोणाची, हा वादही मिटलेला नाही. १० सप्टेंबरला लाँगचा मृत्यू झाला. तो ४२ वर्षांचा होता. अंत्यदर्शनाला लाखाहून अधिक लोक लोटले. त्याने बांधलेल्या रस्त्यांवरूनच ते आले होते.

मागे राहिलेल्या यंत्रणेला नेता नव्हता, पण भूक होती. १९३९ मध्ये भ्रष्टाचाराची प्रकरणे बाहेर आली आणि लाँगच्या गटाचे गव्हर्नर रिचर्ड लेश यांना तुरुंगात जावे लागले. तरीही त्याचा भाऊ अर्ल पुढे गव्हर्नर झाला आणि मुलगा रसेल १९४८ ते १९८७ अशी जवळजवळ चार दशके सिनेटवर राहिला. पुढची अनेक वर्षे लुईझियानातील प्रत्येक निवडणूक लाँगवादी आणि लाँगविरोधी यांच्यातच झाली. तीही डेमोक्रॅटिक पक्षाच्याच छत्राखाली. एका पक्षाच्या पोटात दोन पक्ष नांदू लागले, असे राज्यशास्त्राचे अभ्यासक सांगतात.

लाँगने १९३४ मध्ये डोईपट्टी रद्द केली आणि हजारो गरीब गोऱ्यांना मत परत मिळवून दिले, हे त्याचे मोठे श्रेय. मात्र केवळ गोऱ्यांसाठी असलेल्या पक्षांतर्गत निवडणुकीला त्याने हात लावला नाही. राज्यातील एक तृतीयांशाहून अधिक जनता त्याच्या राजवटीतही मतदान केंद्राबाहेरच राहिली. ती भिंत सर्वोच्च न्यायालयाच्या १९४४ च्या निकालाने आणि १९६५ च्या मताधिकार कायद्याने पडली. रिपब्लिकन पक्षाचा माणूस लुईझियानाच्या गव्हर्नरपदी निवडून येण्यासाठी तर १९७९ साल उजाडावे लागले.

ज्या राज्यात विरोधी पक्ष नसतो तेथे लोकांचा असंतोष नाहीसा होत नाही. तो एखाद्या माणसाची वाट पाहत थांबतो. लुईझियानाला तो माणूस १९२८ मध्ये सापडला. त्याने पुस्तके दिली, पूल दिले, आणि त्याला थांबवू शकेल असे काहीही मागे ठेवले नाही. विधानभवनासमोरच्या बागेत त्याची समाधी आहे. तिच्यावरचा त्याचा पुतळा आजही त्याने उभारलेल्या त्या उंच इमारतीकडे तोंड करून उभा आहे.